जात्यात ठेवलेलं नाव

आमच्या गावात पिठाची गिरणी आणली ती मी. कराडवरनं कृष्णेच्या काठानं खाली आलं की आमचं गाव. चिंचेखाली पत्र्याचं शेड, आत माधवनगरहून आणलेलं जुनं तेलाचं इंजिन, आणि दाराशी पिठानं पांढरा झालेला मी, नानासो. पट्टा चढवला की इंजिनाचा आवाज नदीपलीकडं जायचा. तरी बायका येत नसत. म्हणायच्या, गिरणीच्या पिठाची भाकरी थापताना तुटती. आणि पहाटे उठून घरच्या जात्याला बसायच्या. मी म्हणायचो, बसा, झिजवा हाडं! देवऋषी, भानामती, असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. यंत्र कळणारा माणूस मी.

बेचाळीस साली भादव्यात कचेरीवर मोर्चा गेला. आमच्या गावचा झेंडा चंद्रावहिनीच्या पोराच्या हातात होता. चंद्रावहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ पटकीत गेला, तिच्या पदरात हा एकच. गोळी त्याच्या छातीत बसली. पोलिसांनी मढं दिलं नाही, परस्पर कुठंतरी जाळलं. राख मागायला वहिनी कचेरीच्या पायरीवर दिवसभर बसली, तिला हाकलून दिलं. लेकराचं म्हणून तिच्याकडं एक नाव तेवढं उरलं.

ते तिनं ओवीत घातलं. आमच्याकडं दळताना पहिली ओवी देवाला, मग माहेराला, मग पोटच्या लेकराला. पहाटे तिच्या घरातनं आवाज यायचा:

"दळण दळीते बाई, सुपामंदी जोंधळा,
कुन्या गं रानात वाघ माझा जाळला."

आणि शेवटी पोराचं नाव, लांबवून. शेजारची अंबूबाई तिच्यामागं म्हणू लागली, मग सगळी आळी. दिवाळीला माहेरी आलेल्या पोरींनी ती ओवी सासरी नेली. आसपास तारा तुटायला लागल्या, रेल्वेचे रूळ उखडायला लागले. फौजदाराच्या डोक्यात बसलं की जिथं ओवी पोचते तिथंच हे होतं.

त्यानं दवंडी दिली. हे नाव कुणी तोंडातनं काढायचं नाही. ओवीत नाही, हाकेत नाही, रडतानासुद्धा नाही. गावात त्याच नावाचा एक म्हातारा धनगर होता, त्याला चावडीवर बोलावून सांगितलं, आजपासून तू बिराप्पा.

म्हातारा म्हणाला, "साहेब, मी व्हईन बिराप्पा. पर मेंढरास्नी कोन सांगनार?"

सगळी चावडी हसली, आणि म्हाताऱ्याला दोन रट्टे बसले.

तरी पहाटेच्या अंधारात कोण गातंय ते कळेना. एका घरात शिपाई शिरला की ओवी दुसऱ्या घरात. मग फौजदारानं डोकं चालवलं. घराघरातला जात्याचा खुंटा चावडीत जमा करायचा. खुंटा नाही तर दळण नाही, दळण नाही तर ओवी नाही. गावानं दळायचं नानासोच्या गिरणीत. लढाईमुळं तेल मिळत नव्हतं, तर मला तेलाचा परवाना घरपोच आला. खोटं कशाला बोलू, मी खूश झालो.

खुंटे जमा करायच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनीला समजवायला गेलो, की बाई, मुकाट खुंटा दे, आणखी वाईट ओढवून घेऊ नकोस. ती जात्याला बसली होती. सूप रिकामं, जातं पुसून लख्ख, वैरण म्हणून तोंडात घालायला दाणा नाही, खाली पीठ नाही. आणि ती जातं ओढत होती.

रिकामं जातं आमच्याकडं कुणी फिरवत नाही. घरातलंच काहीतरी दळलं जातं म्हणतात. माझा विश्वास नव्हता, तरी अंगावर काटा आला.

"वहिनी, रिकामं जातं फिरवताय?"

"रिकामं कुठं हाय, भावजी? वैरण घातलीया की."

ती वाकली. जात्याच्या तोंडाला ओठ लावून तिनं पोराचं नाव घेतलं, अगदी हळू, झोपलेल्याला उठवावं तसं. मग एक फेरा ओढला. पुन्हा वाकली.

"मान्सांची तोंडं बांधत्याल. दगडाचं तोंड कोन बांधनार? ऱ्हाऊ दे त्याच्यापाशी. खुंटा माघारी आला की काढून घीन."

मी बाहेर आलो, तर अंबूबाईच्या घरातही तोच कोरडा आवाज. पलीकडच्या घरातही. दिवस मावळेपर्यंत सगळी आळी रिकामी जाती ओढत होती. दगडावर दगड. माझे दात आंबले.

खुंटे चावडीत गेले, वर कुलूप पडलं. बायका डोक्यावर पाट्या घेऊन गिरणीत आल्या. रांगेत एक बोलेल तर शपथ. एरवी दोघी भेटल्या तर पाखरांचा थवा उठावा असा कालवा करणाऱ्या ह्या बायका! इंजिन थांबलं की शेडात इतकं शांत व्हायचं की मला उगीच खोकावंसं वाटायचं.

त्यानंतर एका पहाटे मी घरघर ऐकली. म्हटलं, दिवसभर इंजिनापाशी बसतो, कानात राहिली असेल. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ऐकली. अंबूबाईला विचारलं.

"तुमास्नीबी ऐकू येतं व्हय?" ती म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून पाटी उचलून गेली.

फौजदारापर्यंत गेलंच. तो शिपाई घेऊन आला. कुणी चोरून नवे खुंटे बसवलेत, म्हणाला. यंत्रातला माहीतगार म्हणून मला बरोबर घेतलं. उन्हं डोक्यावर होती. आळीतल्या सगळ्या बायका भिंतींच्या सावलीला बाहेर बसलेल्या, हात मांडीवर. आणि घराघरात जाती चाललेली.

अंबूबाईचं दार ढकललं. आवाज थांबला. खुंट्याचं भोक रिकामं. मी जात्याच्या वरच्या पाळूवर हात ठेवला. दगड गरम होता.

शेजारचं घर. तिथंही तसंच.

शेवटी वहिनीचं. ती उंबऱ्याशी बसली होती, उठली नाही. आम्ही तिला ओलांडून आत गेलो. ह्या वेळी आवाज थांबला नाही.

जातं फिरत होतं. हळू. दमलेली बाई ओढते तसं, अर्ध्या फेऱ्याला जरा अडखळत.

मी खाली वाकून पाहिलं. दोरी नाही, पट्टा नाही, काही नाही.

त्या घरघरीला ओवीची चाल होती. शेवटी नाव आलं, लांबवलेलं. माणसाचा आवाज नव्हता तो. दगडच बोलत होता, आणि स्पष्ट बोलत होता.

फौजदारानं जात्यावर बूट ठेवला. जातं थांबलं.

मग आळीतल्या सगळ्या जात्यांनी मिळून तेच नाव घेतलं.

फौजदार घामानं भिजला होता. "काय म्हणालं ते?" त्यानं मला विचारलं. "कोणाचं नाव? सांग!"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. भ्यालो असेन, असं तेव्हा वाटलं.

तो पुन्हा आमच्या आळीत फिरकला नाही. उन्हाळ्यात त्याची बदली झाली. नव्या माणसाला नदीकाठी लपलेल्या भूमिगत पोरांमागं धावण्यातनंच सवड नव्हती. एके सकाळी राखणीच्या तराळानं चावडी उघडली. बायका अक्षरशः पळत गेल्या, आपापला खुंटा ओळखून घेऊन आल्या. वहिनीला कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं. तिनं जाताजाता मला हाक मारली, "भावजी, आता तुमच्या इंजिनावर कोंबड्या बसवा!" मला राग आला नाही. उलट बरं वाटलं.

आळीत जाती लागली. पहिली ओवी देवाची झाली. दुसरी माहेराची. मग ती, वाघाची. सगळ्या एका सुरात गात होत्या, मी शेडाच्या दारात उभा राहून ऐकत होतो. शेवट आला.

सगळ्या एकदम गायच्या थांबल्या.

जाती नुसती घरघरत राहिली. त्या आवाजात आता काही नव्हतं. मग तीही थांबली.

जरा वेळानं वहिनी बाहेर आली. अंबूबाईच्या घरात गेली, निघाली, पलीकडच्या घरात गेली. घर न घर करत शेवटी माझ्या शेडाशी आली. एक गाल पांढरा झाला होता, कान जात्याला लावून बसली असावी.

"भावजी, माझ्या पोराचं नाव काय वं?"

मी दारातनं उतरून तिच्यापाशी गेलो.

"जिभंवर हाय, पर यीना झालंय. कुनालाच यीना. तुमी तर त्याला खांद्यावर खेळवलाय. तुमी सांगा. येकदाच सांगा, मी इसरनार न्हाई."

अहो, मला माहीत होतं! अजून माहीत आहे. नदीच्या ह्या काठावरनं त्या काठावर त्याच नावानं मी त्याला शंभरदा हाका मारल्यात. माझे डोळे भरून आले. तिचा हात धरून मी ते नाव घेण्यासाठी तोंड उघडलं.

जिभेवर काहीतरी कोरडं आलं. ठसका लागला. मी ओंजळीत थुंकलो.

जोंधळ्याचं पीठ होतं. बारीक, नुकतं दळलेलं, ऊन.

वहिनी दचकली नाही. तिनं माझी ओंजळ हळूच ओढून घेतली, बोटानं कण न कण निपटला, आणि कमरेला खोचलेलं पदराचं टोक सोडलं. त्यात आळीभरातल्या बायकांच्या ओंजळीतनं गोळा केलेलं असंच पीठ आधीच होतं.