दहाव्या-अकराव्या मजल्यामधलं वळण

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात पदरचं मी काहीच घातलेलं नाही. ताई साक्षीला आहे.

मंगळवार होता. दुपारचे अडीच. भुतं रात्रीच येतात असं म्हणणाऱ्यांसाठी वेळ मुद्दाम सांगतोय.

मी आणि माझी मोठी बहीण आगीच्या जिन्याची दारं तपासतो. मोठ्या इमारतीत लिफ्टच्या मागे असतो ना, तो जिना. त्याची दारं मजल्यावरून ढकलून आत जाता येतं, पण जिन्यातून ती उघडत नाहीत. एकदा आत शिरलात की बाहेर पडायचं ते तळमजल्यालाच.

आमची पद्धत ठरलेली. मी जिन्यात, ताई बाहेर. दार घट्ट मिटलं की मी आतून तीनदा टकटक करायची, मग ताई उघडणार. पुढच्या मजल्यावर ती लिफ्टने, मी पायऱ्यांनी.

"लिफ्ट वयाने मोठ्यांना," असा तिचा कायदा.

इमारत नवी होती, चौदा मजल्यांची, रिकामी. जिन्यात मजल्यांचे आकडेही रंगवले नव्हते.

अकराव्याचं दार झालं. उतरताना पाय भरून आले, म्हणून मधल्या वळणावर टेकलो. अशा जागी कोणी बसत नाही, लोक तिथून फक्त जातात. मी बसलो आणि बसल्या बसल्या, निव्वळ सवयीने, भिंतीवर बोटं वाजवली.

टक. टक. टक.

तिथे दार नव्हतं...

पण खाली दहाव्या मजल्याचं दार उघडलं.

"झोपला होतास का रे?" ताईचा आवाज. "चल, आधी जेवू. पोटात कावळे ओरडतायत."

मी 'आलो' म्हणायला तोंड उघडलं...

"आलो," खालून कोणीतरी म्हणालं.

माझ्याच आवाजात.

दार मिटलं.

मी धावत खाली गेलो. टकटक केली, मग मुठीने दार बडवलं. पलीकडे ताई हसत होती. पावलं लांब गेली, दोघांची.

फोनला रेंज नव्हती. ताई त्याच्याबरोबर एकटी होती आणि तिला ते माहीतही नव्हतं. आता तळमजला गाठणं हाच उपाय. मजल्याला एक वळण, म्हणजे दहा वळणं. मोजत उतरायला लागलो.

दहा झाली. खाली आणखी जिना होता.

सतरा झाली.

पंचवीस.

प्रत्येक दार वाजवलं. एकही उघडलं नाही. मी रडलो, सांगायला लाज कसली.

मग लक्षात आलं... माझ्या पावलांचा आवाज येत नव्हता.

बाकी जिनाही गप्प होता. आणि त्या शांततेत वर कुठेतरी दार उघडून मिटलं. कोणीतरी उतरत आलं, अगदी माझ्यासारखं, दर तिसऱ्या पायरीला बूट घासत. मी भिंतीला चिकटलो. दिसलं काहीच नाही. गार हवा अंगाला लागून खाली गेली.

मी समोरचं दार जीव खाऊन बडवलं.

ताईने उघडलं.

"पाना आणायला आत गेलास आणि हात हलवत परत आलास?"

साडेचार वाजले होते. मी दहाव्या मजल्यावर होतो.

संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. तिने चेष्टा केली नाही. नखं खात बसली.

"जेवताना तू काहीतरीच विचारत होतास," ती म्हणाली. "घरी कसं जायचं, मजला कितवा, दुपारी आई एकटी असते का."

"मग तू?"

"मला वाटलं, मस्करी करतोयस. सगळं सांगितलं मी."

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही, एकच जिना आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी घर सोडत नाही. कामावर ताई दुसऱ्या माणसाला नेते. आईला कारण सांगितलेलं नाही. "नोकरी गेली का रे?" असं ती रोज विचारते.

परवा दुपारी मी आणि आई आत बसलो होतो. ती माझ्या शर्टाला बटण लावत होती. तेवढ्यात बाहेरून, जिन्यातून हाक आली...

"आई, दार उघड."

"आले रे," म्हणत ती उठली. दोन पावलं गेली आणि थांबली.

वळून माझ्याकडे पाहिलं.

मग परत येऊन बसली आणि माझा हात धरला. बाहेर ते किती वेळ हाका मारत होतं, आम्ही मोजलं नाही.