चुकीच्या बसचा किस्सा

सांगली-मिरज रस्त्यावर तोवर दातांच्या दवाखान्यांइतकीच किस्सेघरं झाली होती. दाढ दुखली की माणसं एकीकडे जात आणि घरातला एखादा जुना किस्सा दुखायला लागला की दुसरीकडे. फरक एवढाच की किस्सेघरात अख्खं कुटुंब न्यावं लागे, आणि अख्खं कुटुंब एका वेळी तयार करणं दाढ काढण्याहून अवघड होतं.

श्रीरंग मांडके ते जमवून आपली माणसं डॉ. नर्गिस तांबोळींकडे घेऊन आला होता. श्रीरंग पूल बांधणारा इंजिनियर. त्याच्या पुलांवरून रोज शेकडो गाड्या बिनघोर जात, पण घरात त्याला कुणी दही आणायलाही पाठवत नसे. कारण होतं त्याच्या थोरल्या बहिणीचं, वृंदाताईचं लग्न. वऱ्हाडाची बस कार्यालयात घेऊन यायला तेव्हा कॉलेजात असलेल्या श्रीरंगला नाक्यावर उभं केलं होतं. त्याने बस आणली, पण दुसऱ्याच लग्नाची. सीमांतपूजनाला त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, त्या परक्या नवरदेवाचे पाय धुतले, उपरणं दिलं, आणि त्यानेही लाजत पाय पुढे केले. अण्णांचा चष्मा घरी राहिला होता, हे मात्र किश्श्यात कधी येत नसे.

तेव्हापासून प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला हा किस्सा व्हायचा. श्रीरंगही हसायचा. पण आता वृंदाताईच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि मामाला काम काय, तर पाहुण्यांशी गप्पा मारायच्या. या वेळी मात्र त्याला रडू आलं होतं.

"माझ्या एकट्याचीच आठवण बदलली तर?" त्याने विचारलं.

"उपयोग नाही," डॉक्टर म्हणाल्या. "किस्सा एकाच्या डोक्यात राहत नाही, घरभर राहतो. तुमचा बदलला तरी पुढच्या बारशाला हे लोक तुम्हाला जुना परत शिकवतील."

त्यांनी सोपं करून सांगितलं. आठवण काढली की ती गुळासारखी थोडी वितळते आणि मग पुन्हा थिजते. वितळलेल्या त्या थोड्या वेळाला 'मऊकाळ' म्हणतात. डोक्यावर बसवायची जाळी हा मऊकाळ तासभर लांबवते. तेवढ्या वेळात सगळ्यांनी मिळून, मोठ्याने, नवा किस्सा सांगायचा. थिजला की तोच खरा. काहीतरी दुरुस्त करून घेतलं एवढं लक्षात राहतं, काय ते राहत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना मात्र जाळी लावत नाहीत, त्यांचा मेंदू अजून घडत असतो. त्यांना फक्त बजावलं जातं की मोठ्यांना जुनं आठवून द्यायचं नाही. म्हणून श्रीरंगची अकरा वर्षांची शाल्मली बाहेर बाकावर बसली होती.

नवा किस्सा असा ठरला, की बस ड्रायव्हरच्या चुकीने आली आणि खरी बस श्रीरंगने धावाधाव करून शोधून आणली.

"पाय मी धुतले ते राहू द्या," अण्णा म्हणाले. "ते मला आवडतं."

"मग हसायचं कुणाला?" वृंदाताईने विचारलं.

"हेच मी सांगणार होते," डॉक्टर म्हणाल्या. "प्रत्येक घरात हसून घ्यायची एक जागा असते. उठणारा उठतो, पण जागा तशीच राहते. त्यावर माझ्याकडे अजून इलाज नाही."

"अण्णांना बसवू," श्रीरंग म्हणाला, आणि सगळ्यांनी हसत हसत जाळ्या चढवल्या.

लग्न झकास झालं. मांडवापासून पंगतीपर्यंत सगळं श्रीरंगने पाहिलं. वृंदाताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आमचा श्रीरंग आहे म्हणून काळजी नाही. माझ्या लग्नात यानेच बस शोधून आणली होती." श्रीरंगला इतका आनंद झाला की त्याने भटजींना मिठी मारली.

एक एवढीशी गंमत झाली. शाल्मली नवरदेवाची करवली. ऐन मंगलाष्टकांच्या गडबडीत श्रीरंगने तिला "तिथे जा" म्हणून बोट दाखवलं आणि ती हातात दिवा घेऊन नवरीच्या मागे जाऊन उभी राहिली. नवरीला दोन करवल्या, नवरदेवाला एकही नाही, सगळ्या फोटोंत तसंच. पंगतीत श्रीरंगने ते साभिनय सांगितलं. बोट दाखवल्याचं सांगायचं राहून गेलं. माणसं पोट धरून हसली, शाल्मलीही हसली.

पूजेच्या दिवशी तो किस्सा पुन्हा झाला. वृंदाताईने त्यात भर घातली, अण्णांनी तर उठून दिवा धरून दाखवला. दिवाळीत पाहुण्यांनीच मागणी केली. जेवताना दही संपलं तेव्हा वृंदाताई म्हणाली, "शाल्मली, पटकन घेऊन ये गं."

"तिला नको," श्रीरंग म्हणाला. "शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये ठेवून येईल."

घर हसलं. या वेळी शाल्मली हसली नाही. ती उठून गॅलरीत गेली. हात धुऊन श्रीरंग तिच्याजवळ आला. लेकीचं काहीतरी बिनसलंय हे त्याला कळत होतं, कारण तो प्रेमळ बाप होता.

"काय झालं गं?"

शाल्मलीला किस्सेघरात बजावलेलं आठवत होतं. तरी तिने हळूच विचारलं, "बाबा, तुलाही असंच वाटायचं का रे?"

"कधी?"

"बसच्या किश्श्याच्या वेळी. सगळे हसायचे तेव्हा."

श्रीरंगने मनापासून आठवून पाहिलं. त्याला नाका आठवला, कार्यालय आठवलं, आपण धापा टाकत आणलेली बस आठवली. वाईट वाटण्यासारखं काहीच सापडेना.

"वेडाबाई," तो म्हणाला, "त्या किश्श्यात मला का वाईट वाटेल? ये, नीट सांगतो." आणि तिला कुशीत घेऊन त्याने मोठ्या हौसेने तो पहिल्यापासून सांगायला घेतला.