रिकामी चिमूट

"पेशंट कुठे आहे?" चाकांचं यंत्र दारातून आत ढकलत त्याने विचारलं.

"ती काय, टेबलावर."

टेबलावर मऊ गादीवर एक चित्र उताणं पडलं होतं. त्याने चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हॉस्पिटलचा नेहमीचा एक्स-रेवाला रजेवर होता, म्हणून ऐन वेळी याला पिटाळलेलं. कुठे जायचं ते सांगितलं होतं, कशासाठी ते नाही.

"वय?" त्याने चेहरा सरळ ठेवून विचारलं.

"पाचशेच्या आसपास."

"तक्रार?"

"हातात काहीतरी होतं, ते दिसत नाही."

"या वयात एवढं चालायचंच," तो म्हणाला आणि ती खळखळून हसली. त्या खोलीत एरवी कुणी मोठ्याने बोलतही नसे.

संग्रहालयातल्या जुन्या चित्रांची दुरुस्ती हे तिचं काम. गळ्यात कायम भिंग लटकलेलं, म्हणून सगळे तिला भिंगवालीच म्हणत. टेबलावरच्या चित्रात हिरव्या बाह्यांची एक तरुण मुलगी होती, शेजारी काचेची सुरई. मुलीने उजवा हात पुढे केला होता. अंगठा आणि बोट जुळत आलेले, पण चिमटीत काहीच नाही.

"त्या काळच्या चित्रांत प्रत्येक वस्तू काहीतरी सांगते," ती म्हणाली. "पायाशी कुत्रा म्हणजे निष्ठा. हातात कार्नेशनचं लाल फूल म्हणजे लग्न ठरलं. हिच्या हातात ते असणारच. कुणीतरी नंतर वरून रंग चढवलाय."

"असं दिसतं, की वाटतं?"

"...वाटतं."

"आमच्याकडे दिसतं तेवढंच लिहितात," तो यंत्र लावता लावता म्हणाला. "वाटतं ते लिहिलं, तर नको त्या पायाला प्लास्टर बसेल."

तिला राग यायला हवा होता. आला नाही.

फुलावर तिचं बरंच काही अवलंबून होतं. ते सापडलं, तर वरचा रंग खरवडायची परवानगी मिळून चित्र मोठ्या दालनात लागणार होतं. नाहीतर त्या मुलीची रवानगी पुन्हा तळघरात. आणि खरवडलेला रंग काही परत बसवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो एक्स-रे घेऊन आला. "हललाय जरा. पुन्हा काढावा लागेल."

"काढा ना," ती पटकन म्हणाली. बोटांपाशी एक धूसर डाग होता. पाकळीसारखाच... जवळजवळ.

दुसरा एक्स-रे काढून झाला, तरी त्याचा पाय निघेना. मग तिने त्याच्या हातात दिवा दिला. चित्राच्या कडेला, अगदी खाली धरायचा. तिरप्या उजेडात रंगाचे उंचवटे उठून दिसतात. तो दिवा धरून उभा राहिला, ती वाकून भिंगातून बघत राहिली. खिडकीवर पावसाची बारीक टिपटिप चालली होती.

"तुम्हाला दिसतंय का काही?"

"दिसतंय ना."

"काय?"

"सांगेन... खात्री झाली की."

दुसरा एक्स-रेही हलला म्हणून त्याचा निरोप आला. पण तोवर तिचा धीर संपला होता. तिने पहिल्याच एक्स-रेवरचा डाग संचालिका मॅडमना दाखवला आणि परवानगी मिळवली. सकाळी तिने रंग खरवडायचं पातं हातात घेतलं, चित्रातल्या बोटांवर टेकवणार, तोच हात थबकला. हलला? पेशंट हलतो, खोकतो, कण्हतो. गादीवर पडलेलं चित्र कसं हलेल?

तिने फोन केला. तो धापा टाकत आला.

"चित्र हलतं कसं हो?"

त्याचे कान लाल झाले. "नाही हलत. पहिल्यांदा मीच धक्का दिला यंत्राला. मुद्दाम. म्हटलं, पुन्हा यायला मिळेल. दुसरा स्वच्छ आलाय, निरोप खोटाच होता." त्याने तो पुढे केला. "बोटांखाली बोटंच आहेत. फूल कधी नव्हतंच."

"मी आत्ता पातं लावणार होते!"

तो पांढराफटक पडला. "मला वाटलं, फार तर एक फेरी वाढेल..."

"वाटलं!"

पण त्या डागात पाकळी तर तिनेच पाहिली होती. तिने पातं खाली ठेवलं आणि दिवा उचलला. "आज मी धरते. तुम्ही बघा. दिसतं तेवढंच सांगा."

ती पलीकडच्या कडेला गेली. तो वाकला. "हात. बाही. सुरई. सुरईच्या पोटावर खिडकीचं प्रतिबिंब..."

पण ती ऐकतच नव्हती. दिवा धरणाऱ्याला तिथून चित्र दिसतच नाही, दिसतो तो फक्त बघणाऱ्याचा चेहरा! म्हणजे परवा हा काय बघत होता... तिच्या हातातला दिवा डुगडुगला, उजेड सुरईवर घसरला आणि प्रतिबिंबातल्या खिडकीशेजारचं काहीतरी चमकलं.

"सरका!" तिने दिवा त्याच्या हातात कोंबला आणि भिंग डोळ्याला लावलं. सुरईच्या काचेत, खिडकीजवळ, नखाएवढा एक माणूस उभा होता. हात पुढे केलेला. हाताच्या टोकाशी लाल ठिपका, जो ती इतके दिवस रोगणाचा डाग समजत होती.

"फूल त्याच्याकडे आहे," ती पुटपुटली. "कुणी काही पुसलेलं नाही. ही फूल घ्यायला हात पुढे करतेय. त्याने अजून दिलेलं नाही, एवढंच."

मॅडमनी भिंगातून तीनदा पाहिलं आणि पातं स्वतःच्या हाताने खणात ठेवून दिलं.

चित्र मोठ्या दालनात लागलं, त्या दिवशी तो आला. हॉस्पिटलच्या फाटकाशी पेशंटसाठी फुलं मिळतात, तिथून एक लाल कार्नेशन घेऊन. चित्रासमोर तो नेमका तिथे उभा राहिला, जिथे सुरईतला माणूस उभा असणार. हात पुढे केला.

तिने अंगठा आणि बोट जवळ आणले... आणि थांबली.

"आधी सांगा. वाटतं, की दिसतं?"

"दिसत होतं पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "वाटायला लागलं, ते दिवा धरल्यावर."

तिची चिमूट फुलाच्या देठावर मिटली.