मास्तरचा द्रव गोठतो

प्रिंटरच्या ट्रेमध्ये दोघांचे आलेख एकमेकांत मिसळले आणि त्यांची ओळख झाली. दोघेही संगणकावर साध्या द्रवांची नक्कल करीत: एका काल्पनिक पेटीत काही हजार रेणू सोडायचे आणि ते एकमेकांना कसे ओढतात, कसे ढकलतात ते मोजायचे. कोणता आलेख कुणाचा हे ठरविताना चहा निवला... आणि दुसऱ्या दिवशी त्याने आपले टेबल तिच्या टेबलाला लावले. समजावून सांगण्याच्या सवयीमुळे सगळे त्याला मास्तर म्हणत. तो तिला शेजारीणबाई म्हणू लागला.

मग खालच्या मजल्यावरची प्रयोगवाली वर येऊ लागली. ती खऱ्या द्रवावर क्ष-किरण सोडून तीच मोजमापे घेई. तिला मास्तरच्या आकड्यांशी ताळा करायचा होता. ताळा करण्यासाठी एखाद्याच्या खांद्यावरून इतके वाकावे लागते, हे शेजारीणबाईला नव्यानेच कळले. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते असे.

"हुशार आहे, नाही?" मास्तर एकदा म्हणाला.

"हो ना. जिनासुद्धा किती पटापट चढते."

एके दिवशी तो जेवायला गेला, तेव्हा शेजारीणबाईने त्याची फाइल उघडली. संशोधन गटातल्या फाइली सर्वांना खुल्या असत. पण हेतू काही शुद्ध नव्हता. पडद्यावर रेणू हलू लागले आणि ती थबकली. सारे रेणू कवायतीसारखे एकाच दिशेने सरकत होते; रांग सोडून एकही हलत नव्हता. पेटीतल्या रेणूंचा मिळून एकूण वेग मास्तरने शून्य केलाच नव्हता, आणि संगणक त्या सरकण्यालाच उष्णता समजून बसला होता. तापमानाचा आकडा अचूक. द्रव मात्र गोठलेला.

थोड्याच वेळात तो हे प्रयोगवालीसमोर मांडणार होता. आपण गप्प बसलो तर? होऊ दे एकदा फजिती... हा विचार क्षणभर फार गोड लागला. मग मान खाली घालून चष्मा पुसणारा मास्तर तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि ती गोडी टिकली नाही.

"मास्तर, तुझा द्रव गोठलाय," तो येताच ती म्हणाली.

त्याने पाहिले. कान लाल झाले. "पहिल्या वर्षाची चूक... पण तू माझी फाइल कशाला उघडलीस?"

"जळत होते म्हणून."

"कुणावर?"

"समजावून सांगायची सवय तुला आहे. मला नाही."

तो चष्मा पुसत राहिला. "तिनं कालच विचारलं, तुमचं दोघांचं काय चाललंय. मी म्हटलं, समतोल आलेला नाही. त्याआधी मोजमाप घेऊ नये."

"समतोल आला हे कसं ओळखायचं?"

"आकडा इकडेतिकडे सरकायचा थांबला की. माझा तर केव्हाच थांबलाय — तुझाच कळत नव्हता."

तिने फक्त खुर्ची जवळ ओढली.

तेवढ्यात प्रयोगवाली कागद घेऊन आत आली. मास्तरने चूक सांगितली, आणि ती कुणी पकडली तेही.

"मग नवे आकडे कधी?" तिने विचारले. "मी रोज येऊन बघत जाऊ?"

"नको, उगीच जिन्याचा त्रास," शेजारीणबाई म्हणाली. "मीच आणून देईन खाली."

टेबलाआड मास्तरने तिचा हात धरला होता. तो सोडवून घेण्याची तिला मुळीच घाई नव्हती.