फाटकावरचे हिरवे हूक

"आज दुपारी कुत्री पकडायची गाडी येतेय! बुटकीला न्यायला!" लांब्या धापा टाकत जिन्यावरूनच ओरडला.

चपळ म्हणून जिला सगळे खार म्हणायचे, ती मुलगी दारात चपला घालत होती. एक चप्पल तिच्या हातातच राहिली. "कुणी सांगितलं तुला?"

"आपल्या सोसायटीचे अध्यक्षकाका फोनवर बोलत होते. 'धोकादायक जनावर आहे, घेऊनच जा,' म्हणत होते. मी अगदी त्यांच्या खिडकीखाली उभा होतो! आत कसलं तरी घुंगरू सारखं वाजत होतं, नाहीतर आणखी ऐकलं असतं."

"तुझ्या उंचीला खिडकीखाली म्हणजे काय, मांडी घालून बसला होतास का?" त्याच्या मागून आलेली चष्मिष म्हणाली. एरवी तिघंही खो खो हसली असती. आज कुणालाच हसू आलं नाही.

बुटकी म्हणजे बागेतली आखूड पायांची भटकी कुत्री. पंपाच्या खोलीखाली राहायची आणि खारच्या धाकट्या भावाच्या मागेमागे शेपटी हलवत फिरायची. तो दिवसभर काहीबाही गुणगुणायचा, म्हणून सगळे त्याला भुंगा म्हणायचे. सुट्टी लागून आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात एका सकाळी त्याला बागेत कुत्रा चावला. खार तेव्हा नळावर बाटली भरत होती. किंकाळी ऐकून ती धावली, तर भुंगा घसरगुंडीपाशी पडलेला, हात रक्तानं माखलेला, आणि त्याच्यापुढे बुटकी उभी. तिचं तोंड लालभडक! झालं, लोकांनी तिथेच निकाल लावला. कुणी दगड उचलला, कुणी काठी, आणि बुटकी जी पळाली ती पंपाखाली जाऊन दडली.

भुंग्याच्या हाताला टाके पडले, इंजेक्शनं सुरू झाली. ते सगळं बरं होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण भुंगा बोलेनासा झाला होता. घरात त्याचा आवाज नाही, दाराबाहेर पाऊल नाही. "बुटकी चावली का रे तुला?" असं खारनं विचारलं, तेव्हा त्यानं इतक्या जोरात मान हलवली, की तीच दचकली. नाही, नाही, नाही!

"पोर घाबरलंय, त्याला काय कळतंय," असं मोठ्यांनी ठरवलं. आणि आता दुपारी गाडी येणार होती. गाडीतून नेलेली कुत्री परत आलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"चला," खार म्हणाली. "जिथे घडलं तिथे जाऊन बघू."

बागेच्या फाटकाशेजारी भिंतीवर पिशव्या, छत्र्या अडकवायचे हूक होते. कुत्रेवाल्या मंडळींनी त्यांचा वेगळाच उपयोग शोधला होता. आत शिरायचं, कुत्रा मोकळा सोडायचा, त्याचा दोर हुकाला लटकवायचा आणि बाकावर बसून गप्पा छाटायच्या! वर 'कुत्रे बांधून फिरवा' अशी पाटी होती. ती पाटी कुत्र्यांना वाचता येत नव्हती, आणि मालकांना वाचायची नव्हती. कुणी काही म्हटलंच, तर उत्तर तयार: "आमचा काही करत नाही हो!"

त्या दिवसापासून मात्र सगळे साळसूद झाले होते. हूक रिकामे आणि प्रत्येकाच्या हातात दोर. "आमचा तर तेव्हाही बांधलेलाच होता," असं म्हणून सगळ्यांनी कानांवर हात ठेवले होते. अध्यक्षकाकांचा तांबडा, वासराएवढा सुलतान तर म्हणे तो सबंध आठवडा पोट बिघडून घरातच होता.

बाकावर कापूसवाल्या काकू एकट्याच बसल्या होत्या. त्यांचा कापूस म्हणजे मुठीएवढं पांढरं कुत्रं. आज ते मान खाली घालून उभं होतं, कारण त्याच्या गळ्याला दोराऐवजी जाडजूड चामडी पट्टा अडकवला होता, आणि त्याची मूठ काकूंच्या हातात होती.

"हा पट्टा कापूसचा नाही," चष्मिष कुजबुजली. "त्याचा दोर निळा आहे, घुंगरू लावलेला."

"घुंगरू?" लांब्यानं आ वासला.

खार तोवर काकूंसमोर पोचली होती. "काकू, हा पट्टा कुणाचा?"

"अं? नवीन घेतलाय."

"नवीन पट्ट्यावर दातांच्या खुणा? आणि मुठीला हिरवा डाग?"

लांब्या पुढे झाला. "हा रंग मी ओळखतो! भुंग्याला कुत्रा चावला, त्याच्या आदल्या संध्याकाळी माळीकाकांनी हूक रंगवले होते. सकाळी मी टेकलो आणि माझा शर्ट वाया गेला. आईनं मला शर्टापेक्षा जास्त धुतलं! दुपारपर्यंत रंग वाळलासुद्धा. म्हणजे हा पट्टा त्याच सकाळी हुकावर होता!"

पंपाच्या खोलीखालून बारीक कण्हणं ऐकू येत होतं. ते त्यांनाही ऐकू येत असणार, कारण त्या तिकडे बघायचं टाळत होत्या.

"काकू," खार म्हणाली, "माझा भाऊ बोलत नाही."

काकूंनी तोंडावर पदर धरला. "सगळे घाबरून पळत होते गं. अध्यक्षांनी गडबडीत माझा दोर उचलला, माझ्यासाठी हाच उरला. मी तोंड उघडलं असतं, तर माझाही कुत्रा सुटा होता, हे बाहेर आलं असतं. म्हणून मूग गिळून बसले." त्यांनी पट्टा सोडून खारच्या हातात दिला आणि कापूसला काखेत घेतलं. "न्या हा."

दुपारी फाटकाशी गाडी उभी राहिली. बरीच माणसं जमली. खारचे आईबाबाही आले. अध्यक्षकाका पुढे उभे राहून हातवारे करत होते. "मुलांच्या जिवाशी खेळ नको! ती कुत्री पंपाखाली आहे, काढा बाहेर!"

गाडीवाल्यानं फास हातात घेतला. आता नाही, तर कधीच नाही! तिनं लांब्याला कोपरानं ढोसलं.

"माळीकाका!" लांब्या मोठ्यानं म्हणाला, "हा जुना पट्टा सापडलाय. पालापाचोळ्याबरोबर जाळून टाका."

"अरे, अरे! जाळता काय?" अध्यक्षकाका वळलेच. "अस्सल चामडं आहे ते! माझ्या सुलतानचा पट्टा, किती दिवस शोधतोय मी!"

"सुलतानचाच ना?" चष्मिषनं विचारलं. "नक्की?"

"नक्की म्हणजे काय! त्याच्याच दातांच्या खुणा आहेत या."

"मग मुठीला हा हुकाचा ओला रंग कसा लागला?" खार म्हणाली. "रंग त्या एकाच सकाळी ओला होता. तेव्हा तर सुलतान घरी होता ना, पोट बिघडून? आणि तुमच्या घरात घुंगरू वाजतंय, ते कापूसच्या दोराचं आहे!"

अध्यक्षकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. "काहीतरीच! कोण म्हणतं?"

"मी म्हणते." कापूसवाल्या काकू गर्दीतून पुढे आल्या. "मुलाला सुलतान चावला, मी पाहिलंय. ही बुटकी मध्ये पडली, म्हणून हातावर निभावलं."

खारच्या आईनं डोळे मिटून घेतले. बाबा अध्यक्षकाकांच्या दिशेनं एक पाऊल पुढे सरकले.

"तो कधीच कुणाला काही करत नाही हो..." अध्यक्षकाका पुटपुटले. या वेळी कुणी मान डोलावली नाही.

गाडीवाल्यानं फास खाली ठेवला आणि तो पोटावर सरपटत पंपाच्या खोलीखाली गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातांत बुटकी होती. तिचा कान फाटला होता, ओठ चिरला होता, एक डोळा सुजून बंद झाला होता, आणि जखमांवर माश्या बसत होत्या. तोंडावरचं ते रक्त तिचं स्वतःचंच होतं.

"हिला न्यायलाच हवं," तो म्हणाला, "पण दवाखान्यात. फार उशीर केलात."

"शाबास रे पोरांनो!" गर्दीतले एक आजोबा म्हणाले. "आम्हा म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत अंजन घातलंत." मग सगळ्यांनाच कंठ फुटला. कुणी लांब्याची पाठ थोपटली, कुणी चष्मिषच्या डोक्यावर हात ठेवला. खार मात्र बाजूला सरकली. तिला रडू येत होतं आणि रागही.

"ती इतके दिवस कण्हत होती," ती म्हणाली. "बाकापर्यंत ऐकू येत होतं. आपण कुणीच वाकून का नाही बघितलं?"

आजोबांनी मान खाली घातली.

बुटकी वाचली, पण डोळा गेला. बाबांनी तिला दवाखान्यातून सरळ घरीच आणलं. माळीकाकांनी बागेतले हूक उपटून टाकले. अध्यक्षकाका एकदा दाराशी येऊन आईची माफी मागून गेले. त्यांचा आवाज ऐकताच भुंगा पलंगाखाली शिरला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

अध्यक्षकाकांकडून परत मिळालेला घुंगराचा निळा दोर काकूंनी पाठवला होता. खारनं तो बुटकीच्या गळ्यात बांधला. "ही आता आपली. म्हणजे हिलाही बांधूनच न्यायचं," ती भुंग्याला म्हणाली. "मी नेते. तू दारातून बघ, हं?"

भुंगा बराच वेळ बुटकीच्या शिवलेल्या डोळ्याकडे बघत राहिला. मग पुढे येऊन त्यानं खारच्या हातातून दोर काढून घेतला आणि आपल्या बऱ्या हाताच्या मनगटाला गच्च गुंडाळला.

"मी सोडणार नाही," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी आलेला त्याचा आवाज घोगरा होता.

आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. भुंग्यानं दार उघडलं, घुंगरू वाजलं, आणि दोघं एकेक पायरी उतरू लागली. त्या दिवशी दोघं जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंतच गेली.