आठ किलोचं कोकरू

"धर तिला! अगं, धर!"

काय धरायचं हे कळायच्या आतच एक जाडजूड मेंढी आयसाल्किनच्या अंगावर येऊन आदळली. वही एकीकडे, पेन दुसरीकडे आणि आयसाल्किन गवतात आडवी! पण मेंढीचा मागचा पाय मात्र तिने सोडला नाही.

मागून धापा टाकत एक तरुण आला. उन्हाने रापलेला, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"शाब्बास," तो म्हणाला... मेंढीला.

"आणि मी?"

"तूसुद्धा. पण धावली ती जास्त."

तो उलारबेक. खोऱ्यातल्या कुरणांवरचा नवा जनावरांचा डॉक्टर. जंताचं इंजेक्शन टोचायला आला होता. मेंढी आयसाल्किनच्या वहिनीच्या ताब्यात देऊन त्याने वही उचलली आणि उघड्या पानावर त्याची नजर खिळली. पानावर लाल शाईत दोनच शब्द होते – 'मूल दगावलं.'

"कोण दगावलं?" त्याने दचकून विचारलं.

"कागदावरचं," आयसाल्किन कपडे झटकत म्हणाली. "बारा किलोचं होतं."

ती नारीन शहरात नर्सिंग शिकत होती. औषधाच्या मात्रेच्या परीक्षेत दहा गणितं असायची आणि दहाच्या दहा बरोबर आली तरच पास. तिची नऊ बरोबर आली होती. दहाव्यात तापाचं औषध साडेसात मिली द्यायचं, तर तिने लिहिलं पंच्याहत्तर. टिंबच विसरली! बाईंनी लाल शाईत तो शेरा मारला आणि नापास केलं. फेरपरीक्षा तीन आठवड्यांवर होती, म्हणून भावाच्या कुरणावर वही घेऊनच आली होती.

"पंच्याहत्तर? म्हणजे अर्धी वाटी की गं! एवढंसं पोर पिणार तरी कसं?"

"वाटी मला दिसलीच नाही हो," ती हळूच म्हणाली. "नुसते आकडे दिसत होते."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. थट्टा करायची म्हणून उघडलेलं तोंड त्याने मिटलं.

"उद्या वजनाचा काटा घेऊन येतो," तो म्हणाला. "आकडे दिसायला लागतील."

आणि आला खरंच! तीन वाशांच्या तिकाटण्याला काटा टांगलेला, त्याला पट्ट्यांची झोळी, झोळीत हवेत पाय मारणारी मेंढी. औषध किलोला शून्य पूर्णांक दोन मिलिग्रॅम. बाटलीत एका मिलीला दहा मिलिग्रॅम.

"चाळीस किलोची मेंढी. पेन खाली ठेव. आधी अंदाज सांग – एक मिलीपेक्षा जास्त की कमी?"

"पण... आधी अंदाज कशाला? गणित करूनच सांगते ना."

"गणित चुकलं तर कोण सांगेल तुला? अंदाजच सांगेल."

तिने डोळे बारीक केले. चाळीस किलोला आठ मिलिग्रॅम... बाटलीतल्या एका मिलीत दहा...

"कमी! थोडंसंच कमी... शून्य पूर्णांक आठ!"

मग तिला प्रश्नांचा नादच लागला. गाभण मेंढीचं वजन कसं धरायचं? सगळ्यांना एकच मात्रा दिली तर काय बिघडेल? सिरिंजवरच्या दोन रेघांच्या मधे औषध आलं तर? उलारबेक उत्तरं द्यायचा, आणि एखादं उत्तर येत नसेल तर सरळ "माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणायचा. तिला ते फार आवडलं. पुढे पुढे ती रात्री अंथरुणात पडल्या पडल्या दुसऱ्या दिवसाचे प्रश्न शोधायची... थोडे वहीसाठी, थोडे उगाचच.

वजन ओळखायची पैज लागायची. हरेल त्याने किमीज ओतायचं. घोडीचं ते आंबट, फेसाळ दूध आयसाल्किनच ओतत असायची.

"बरं, माझं वजन ओळखा," एकदा ती म्हणाली.

"ते असं लांबून नाही सांगता येत."

"मग?"

"उचलून बघावं लागतं."

किमीज वाडग्याबाहेर सांडलं. चुलीपाशी बसलेली उमसुनायवहिनी उगाचच खोकली.

दोन आठवडे असे गेले. एका दुपारी डोंगरावरून ढग उतरले आणि बारीक, थंडगार पाऊस सुरू झाला. त्या दिवसाचं शेवटचं एक कोकरू राहिलं होतं, आठ किलोचं. लोकरीच्या नमद्याच्या तंबूच्या दाराशी उलारबेकने सिरिंज भरायला घेतली. आयसाल्किन कोकराला पोटाशी धरून बसली होती. तिच्या पापणीवर पावसाचा थेंब होता. तो पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ती फुंकर मारून तो उडवू पाहत होती...

"आठ किलो," तो पुटपुटला. "एक पूर्णांक सहा."

सुई कोकराच्या कातडीशी आली.

"थांब!"

तो थबकला. तीही थबकली. आजवर ती त्याला 'अहो डॉक्टर' म्हणत आली होती.

"चाळीस किलोच्या मेंढीला एक मिलीसुद्धा लागलं नाही," ती म्हणाली. "मग या एवढ्याशा जिवाला दीड मिलीच्या वर कसं? एक पूर्णांक सहा हे मिलिग्रॅम झाले. मिली नाहीत. शून्य पूर्णांक सोळा भर."

त्याने सिरिंज उजेडाकडे धरली. दहापट! जास्तीचं औषध काढून टाकून तिच्यासमोर त्याने नवी मात्रा भरली, टोचली, आणि चहालाही न थांबता घोड्यावर बसून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी एक म्हातारे डॉक्टर आले. तिसऱ्या दिवशीही तेच. वहिनीने विचारलं, "काय गं, हल्ली प्रश्न संपले वाटतं?" आयसाल्किनला हसू आलं नाही.

परीक्षेला ती एकटीच नारीनला उतरली. या वेळी प्रत्येक गणितात तिला माणूस दिसला. कुशीवर झोपलेलं बाळ, थरथरत्या हाताची आजी. आधी अंदाज, मग पेन. बाईंनी तिच्यासमोरच पेपर तपासला, शेवटच्या पानावर आल्या आणि लाल पेनाला टोपण घातलं.

"जा," त्या हसून म्हणाल्या. "सगळे जिवंत आहेत."

फाटकाबाहेर चिनाराच्या सावलीत उलारबेक उभा होता. इस्त्रीचा शर्ट, आणि अवघडलेला चेहरा.

"झालीस पास?" त्याने विचारलं.

"झाले. पण तू कुठं होतास?"

"मोठ्या डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दोन आठवडे सिरिंज काढून घेतली. त्यानंतरही टोचायच्या आधी दुसऱ्या माणसाला मात्रा मोठ्याने वाचून दाखवायची. एकट्याने काही करायचं नाही."

"बरं केलं त्यांनी."

"हो. पण त्यांनी विचारलं, चूक झाली कशी? ते मात्र नाही सांगितलं त्यांना." तो चिनाराच्या सालीवर नख ओढत राहिला. "मी सिरिंजकडे बघतच नव्हतो... तुझ्याकडे बघत होतो."

रस्त्यावरून एक गाडी धूळ उडवत गेली. आयसाल्किनने धूळ खाली बसू दिली.

"हे अर्धवट झालं," ती म्हणाली. "पूर्ण वाच. मोठ्याने."

"आयसाल्किन... तू मला आवडतेस. फार."

"फार म्हणजे किती?"

"अंदाज सांगू?"

"नको," ती हसली आणि तिने त्याच्या हातात हात दिला. "परत एकदा म्हण. मला तपासून बघायचंय."