कृतज्ञतेवरचा उतारा

कोथळगावात त्या वर्षी शाळेत जाणाऱ्यांत सर्वांत धाकटं मूल तीन वर्षांचं होतं आणि सर्वांत थोरलं सत्तावन्न वर्षांचं. या थोरल्या विद्यार्थ्याचं नाव बाळगोंडा मगदूम, गावाचे आण्णा. काहिलीतल्या उकळत्या उसाच्या रसाचा गूळ नेमका कधी झाला, हे बोटाच्या टोकानं ओळखणारे नावाजलेले गुळवे. पण त्या वर्षापर्यंत त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

या वयात शाळेत जाण्याचं गावात कुणालाच नवल नव्हतं. राज्याचं आजन्म शिक्षण धोरण येऊन एकतीस वर्षं झाली होती. अंगणवाडीच्या ताईला गावात डॉक्टरइतका मान आणि तितकाच पगार होता. पुढे सोळाव्या, पस्तिसाव्या आणि पंचावन्नाव्या वर्षी प्रत्येक नागरिकाला हक्काचा एकेक ‘उमलकाळ’ मिळे. आण्णांचा पस्तिशीचा उमलकाळ हंगामाच्या धबडग्यात हुकला आणि पंचावन्नचा त्यांनी लाजेपोटी दोन वर्षं लांबवला, एवढंच.

लहान मूल भाषा शिकतं ते घोकून नाही. तेव्हा त्याच्या मेंदूतल्या पेशींचे जोड मऊ असतात. वय वाढतं तसं पेशींभोवती प्रथिनांचं एक बारीक जाळं घट्ट होत जातं. त्यामुळे शिकलेलं टिकतं, पण नव्याला आत शिरणं अवघड होतं. हे जाळं नव्वद दिवस सैल करणारं औषध शास्त्रज्ञांनी शोधलं. ते उमलरस, आणि ते नव्वद दिवस म्हणजे उमलकाळ. रोज जिभेखाली दोन थेंब घ्यायचे आणि चांगल्या शिक्षकासमोर बसायचं. यातला शिक्षकच अधिक महत्त्वाचा, हे आपल्या सरकारला वेळेवर कळलं आणि त्याने औषधापेक्षा शिक्षकांवर जास्त खर्च केला. एरवी सरकारला नावं ठेवण्यात आपली हयात जाते, म्हणून हे मोकळेपणाने सांगून टाकतो.

औषधाची एक गोष्ट मात्र फार उशिरा लक्षात आली. ती सांगायला मेंदूशास्त्रज्ञ डॉ. शाल्मली तोडकर एका सकाळी आण्णांच्या गुऱ्हाळावर आली होती.

आण्णा झाऱ्याने रसावरची मळी काढत होते, आणि तेही डाव्या हाताने.

“आण्णा, तुम्ही डावरे आहात?” तिने विचारलं.

“जल्माचा उजवा हाय मी. पर आमच्या शाळंतल्या सायराबाई डावऱ्या. अक्षरं आली, त्यासंगं ह्यो हातबी आला.” आण्णा मिश्कील हसले. “मालक म्हनत हुते, गूळ बिघडंल. काय बी बिघडला न्हाई.”

“मी त्याबद्दलच बोलायला आलेय. मूल नुसतं शिकत नाही, शिकवणाऱ्यात जीवही गुंतवतं. निसर्गाने दोन्ही एकाच दोरीने बांधलंय. उमलरसानेही तेच होतं. सायराबाईंबद्दल तुम्हाला काय वाटतं?”

“माझ्या लेकीच्या वयाची पोरगी. पर मला तिच्यात देव दिसतो बगा.”

“ते औषधाचंही काम असू शकतं. शाळेबद्दल, सरकारबद्दल वाटतं तेसुद्धा.” शाल्मलीने पिशवीतून कागद काढला. “लोकांच्या मनात अशी कृतज्ञता औषधातून उतरणं बरं नाही, म्हणून यंदा कायदा झाला. आम्ही उतारा तयार केलाय. निवळ म्हणतात त्याला. एक गोळी. शिकलेलं सगळं राहील, गुंतलेलं तेवढं सुटेल. हवी की नको, ते तुम्ही लिहून द्यायचं. आज शेवटचा दिवस आहे.”

आण्णांनी झारा चुलवाणात जाळ घालणाऱ्या जळव्याच्या हाती दिला आणि कागद घेतला. एकेका ओळीखाली बोट फिरवत त्यांनी तो मोठ्याने वाचला. बराच वेळ लागला. शाल्मलीने घाई केली नाही.

“बाई, कितीबी जपून मळी काढा, झाऱ्यासंगं थोडा रस जातोच. तुमच्या गोळीसंगं काय जातंय?”

आजवर लोकांनी तिला गोळी कडू आहे का, उपाशीपोटी घ्यायची का, असलंच काहीबाही विचारलं होतं. हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता आणि खोटं बोलणं तिला जमणार नव्हतं.

“मऊ मेंदूवर जे जे उमटलं, ते सगळं या गोळीला सारखंच. लहानपणी कुणी जीव लावून शिकवलं असेल तर...”

“बानं शिकवलं. ह्याच चुलवाणावर. माझं बोट धरून पाकात बुडवायचा आन् लगीच गार पान्यात. म्हनायचा, भिऊ नगंस, मी हाय.”

“ते सगळं आठवेल, आण्णा. फक्त आठवलं तरी काही वाटणार नाही.”

आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

“मग बाची मायाबी औषधाचीच म्हनायची का?”

“तसं नाही. पण मेंदूत बघितलं तर दोन्हींतला फरक आम्हाला सापडत नाही.”

आण्णांनी आडोशाला ठेवलेल्या एका फरशीकडे हात केला. “ह्या फरशीवर मी चाळीस वर्सं भांडी घासली. वर कायतरी कोरलंया, एवढंच ठावं हुतं. शाळंत गेलो, आन् एक दिवस घासता घासता वाचलं. आप्पागोंडा मगदूम, गुळवे. माझ्या बाचं नाव, बाई! जुन्या मालकानं त्येच्या माघारी कोरून घेतलं, आन् मी त्यावर राख घासत हुतो. ज्या पोरीनं मला त्ये वाचाय शिकवलं, तिचं उपकार ऱ्हाऊं देत पोटात. कुठनं का आलं आसनात.”

आणि डाव्या हाताने, सावकाश, त्यांनी कागदावर ‘नको’ लिहिलं. कागद परत देताना सहज विचारावं तसं विचारलं, “तुमीबी अंगणवाडीतल्याच, सोळाव्या वर्साला थेंबबी घेतलं आसतील. तुमी काय लिवलंसा?”

शाल्मली धोरणाच्या पहिल्या वर्षाची मुलगी. आई वीटभट्टीवर होती. अंगणवाडीच्या रत्नाताईंनी कडेवर बसवून तिला आकडे शिकवले नसते, तर आज तिच्याही हातात विटेचा साचा असता. दर दिवाळीला ती अजून सगळ्यांत आधी रत्नाताईंच्या पाया पडायला जाई. पण स्वतःचा कागद भरायचा असतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. निवळीचं काम पाहणाऱ्या तिच्या समितीतल्या अकरापैकी एकाच्याही आलं नव्हतं, आणि तिच्यासकट अकराही जण याच थेंबांवर शिकलेले.

समितीकडे चार लाख कागद आले होते. सगळ्यांवर ‘नको’. लोक समाधानी आहेत, असा अहवालही लिहून तयार होता. चार लाखांत एक जरी ‘हो’ असता, तर बाकीच्यांचं ‘नको’ औषधाने लिहवून घेतलेलं नाही, यावर विश्वास ठेवता आला असता. आण्णांचं म्हणणं तिला अगदी मनापासून पटलं होतं. पण आता त्या पटण्याचीच तिला भीती वाटू लागली.

तिने पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि चिपाडाच्या ढिगावर बसली. दोन्ही बाजूंनी, शांतपणे, अगदी परक्या माणसासारखा विचार करायचा, असं ठरवून तिने पेन उघडलं. विचार सुरू व्हायच्या आतच कागदावर ‘नको’ लिहून झालं होतं.